बारा आणे रोज

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघालं की कुंभारी लागते. तिथे विडी वळणाऱ्या बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. २००६ साली तिचं लोकार्पण झालं. तिला नाव आहे कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं. ते नाव पत्त्यात लिहिलं जातं, रिक्षावाल्याला सांगितलं जातं. पण त्याच गोदूताईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक वसाहतीतल्या घराघरांत असायला हवं, असं मला फार वाटतं.

हे पुस्तक १९७० साली आलं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विषय आहे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी १९४५ साली सुरू केलेला लढा. पुण्याच्या गोखल्यांच्या घरातली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजाची पहिली आजीव स्त्री-सदस्य झालेली ही बाई वारल्यांच्या पाड्यांवर जाते आणि तिथलं जगणं समजून घेते.

त्या जगण्यात वेठ होती, लग्नगडी होते. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवराबायको दोघंही वर्षानुवर्षं जमीनदाराच्या दारी राबत. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला माह्या धांगडा काही वारल्यांना घेऊन आला. २३ मे रोजी झरीला सभा भरली, सुमारे पाच हजार माणसं जमली. ठरलं ते असं : बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात पाऊल टाकायचं नाही आणि वेठीला जायचं नाही.

मला या पुस्तकाचं मोठेपण इथे दिसतं. लाल बावटा, घोषणा, उसळलेली गर्दी यांचं वर्णन कोणीही करील. गोदूताईंच्या गोष्टीचा कणा मात्र मजुरीच्या आकड्यांचा आहे. पुढे गवतकापणीच्या संपात मागणी येते ती पाचशे पौंड गवताला अडीच रुपयांची. किती वजनाला किती पैसे, आणि तो हिशेब कोणाच्या शब्दावर ठरायचा, यावरच माणसाचं ताठ उभं राहणं अवलंबून असतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोदूताईंच्या नावाने खोटा निरोप पसरवून लोक जमवले गेले. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. ते मरण आपल्याला इतकं जवळचं वाटतं, कारण त्या माणसांची रोजची मजुरी आपण आधीच मोजलेली असते.

सोलापूरच्या वाचकाला यातलं काहीच परकं नाही. पान-तंबाखू घरी आणायची, दिवसभर वळायचं, हजार विड्यांमागे मजुरी मोजून घ्यायची. आणि विड्या जमा करताना त्यातल्या किती ‘छाट’ म्हणून बाजूला पडतात त्यावर त्या दिवसाची भाकरी. गवत असो की विडी, मोजमाप दुसऱ्याच्या हाती आहे तोवर युनियनचं काम संपत नाही.

सोलापूर विडीइतकंच गिरण्यांचंही शहर. इथे पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. या शहरातल्या गिरणी कामगारांचा मंजिरी कामत यांच्यासारख्या इतिहासकारांनी कसोशीने अभ्यास केला आहे. पण अशा अभ्यासाला बहुधा ज्यांचा आधार घ्यावा लागतो त्या सरकारी कागदांत कामगार बहुतेकदा बंदोबस्ताचा विषय म्हणून येतो. तिथे तो काय बोलतो याहून तो काय करील याची धास्ती जास्त असते. गोदूताईंच्या पुस्तकात तो बोलतो. अर्थात तोही लेखिकेच्याच लेखणीतून. वारलीणीने स्वतः सांगितलेली गोष्ट आणखी निराळी झाली असती, हे मान्य करूनच हे पुस्तक वाचावं.

गोदूताईंच्या नावाच्या वसाहतीनंतर कुंभारीतच कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने रे नगरची तीस हजार घरांची योजना उभी राहिली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे यांच्यासाठीची. त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. या घरांमागे मोर्चे आहेत, वर्गणी आहे, निवेदनांचे ढीग आहेत, आणि ते सगळं आठवणाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत.

युनियनच्या बैठकीत या पुस्तकातलं झरीच्या सभेचं वर्णन मोठ्याने वाचावं. आणि ज्यांच्या घरी विड्या वळलेली आई किंवा आजी आहे, त्यांनी वही घेऊन तिच्याजवळ बसावं. ती तेलुगूत सांगो, कन्नडमध्ये, उर्दूत की मराठीत, तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. पहिला प्रश्न हा विचारावा : तुमच्या वेळी हजाराला काय मिळायचं?