'डीमन कॉपरहेड': व्यसनमुक्तीचा खर्च आणि कादंबरीतील अनुपस्थित स्थानिक शासन

बार्बरा किंगसॉल्व्हर यांच्या 'डीमन कॉपरहेड' (२०२२) या कादंबरीस २०२३ चे पुलित्झर पारितोषिक विभागून मिळाले. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'चा सांगाडा घेऊन ती अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या ली काउंटीत, ओपिऑइड वर्गातील वेदनाशामकांच्या साथीत वाढणाऱ्या एका अनाथ मुलाची कथा सांगते. औषधकंपन्यांवरील आरोपपत्र म्हणून तिची पुष्कळ प्रशंसा झाली आणि ती रास्तच होय. प्रस्तुत लेखात मात्र निराळा प्रश्न उपस्थित करावयाचा आहे. या कादंबरीत व्यसनमुक्तीचा खर्च कोण करते?

पूर्वार्धात स्थानिक शासन ठळकपणे उपस्थित आहे. बालकल्याण खात्यातील मिस बार्क्स हिला डीमनविषयी आस्था आहे. परंतु तुटपुंज्या पगारामुळे ती शिक्षिका होण्यासाठी ही नोकरी सोडते. क्रीकी हा शेतकरी अनाथ मुलांना सांभाळतो तो शासकीय धनादेशासाठी आणि तंबाखूच्या शेतातील फुकट श्रमासाठी. सार्वजनिक तिजोरीचे दारिद्र्य एका मुलाच्या पाठीवर कसे उतरते, याचे इतके नेमके चित्रण क्वचितच आढळते. कादंबरीचा हा भाग सर्वांत सकस आहे.

डीमनच्या गुडघ्याला दुखापत होते, गोळ्या सुरू होतात, पुढे प्रेयसी डोरी अतिमात्रेने दगावते. आणि नेमके येथेच ते कार्यालय कथानकातून नाहीसे होते. उरते ती जून पेगॉट ही एकटी परिचारिका. डीमनची व्यसनमुक्ती घडते ती शेजारच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरात. जुन्या संगतीपासून दूर जाणे आवश्यक होते हे मान्य. तथापि ली काउंटीतच उपचाराची जागा का असू नये, हा प्रश्न कथानकाचा विषय होत नाही. डिकन्सच्या कादंबऱ्यांत संस्थात्मक अन्यायावरचा उपाय म्हणून बहुधा एखादा सहृदय धनिक अवतरतो, असा आक्षेप जॉर्ज ऑर्वेलने १९४० मध्येच नोंदविला होता. सांगाड्याबरोबर हा दोषही वारशाने आला असावा. जून धनिक नाही, एवढाच फरक.

हा आक्षेप केवळ रचनेपुरता नाही. २०२१ मध्ये तीन घाऊक औषध-वितरक व जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी सुमारे २६ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. वितरकांची रक्कम १८ वर्षांत हप्त्याहप्त्याने राज्ये व स्थानिक संस्थांना मिळावयाची असून, एकूण निधीपैकी किमान ८५ टक्के या साथीच्या निवारणावरच खर्चण्याची अट आहे. या अटीमागे १९९८ च्या तंबाखू तडजोडीचा कटू अनुभव आहे; त्या पैशांतून अनेक राज्यांनी अंदाजपत्रकातील खड्डे बुजविले. (क्रीकीच्या शेतात तंबाखू पिकतो, हे येथे सहज आठवते.) कादंबरीचा काळ या तडजोडीपूर्वीचा असल्याने तिने हा निधी दाखवावा, अशी अपेक्षा नाही. परंतु अतिमात्रेवरील उतारा असलेला नॅलोक्झोनचा फवारा कोणी विकत घ्यावा, समुपदेशकाचा पगार कोणत्या शीर्षाखाली पडावा, हे काउंटीच्या निर्वाचित मंडळात ठरते. २०२१ मध्ये अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने १ लाखाहून अधिक माणसे दगावली. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे ८०,००० वर आली. अशा रुक्ष ठरावांतही जगणे-मरणे असते, आणि मिस बार्क्सचे पात्र निर्माण करणाऱ्या लेखिकेस ते दाखविणे अशक्य नव्हते.

पुढे किंगसॉल्व्हर यांनी या कादंबरीच्या मानधनातून ली काउंटीतच व्यसनातून सावरणाऱ्या स्त्रियांसाठी निवास उभारला. तो २०२५ मध्ये सुरू झाला. मराठी वाचकास येथे अनिल अवचट यांचे 'गर्द' आठवल्याशिवाय राहणार नाही. ब्राऊन शुगरवरील त्या लेखनानंतर पु. ल. देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. दोन्हीकडे शब्दांतून पैसा उभा राहिला, याचे आपणास कौतुक वाटते आणि ते वाटावेही. वर्गात ही कादंबरी शिकविताना विद्यार्थी याच टप्प्यावर समाधानाने वही मिटतात. मला मात्र 'मुक्तांगण'च्या आरंभीचा एक तपशील महत्त्वाचा वाटतो: देणगी खाजगी होती, पण जागा येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारातली होती.