गेली कोर्झेव: समीपतेचा वास्तववाद

सोव्हिएत वास्तववादी चित्रकला म्हटली की प्रचारचित्रांचीच आठवण होते, आणि ती सर्वस्वी अन्यायाची आहे असेही नाही. परंतु ‘अधिकृत’ या एका विशेषणाने एखाद्या कलावंताचा निकाल लावणे किती अपुरे ठरते, हे मॉस्कोत जन्मलेल्या गेली कोर्झेव (१९२५–२०१२) यांची चित्रे पाहताना ध्यानात येते.

सूरिकोव संस्थेत सेर्गेई गेरासिमोव यांच्या हाताखाली शिकून कोर्झेव १९५० साली बाहेर पडले. १९५१ ते १९५८ या काळात त्यांनी मॉस्कोच्या स्त्रोगानोव विद्यालयात अध्यापन केले. ‘कम्युनिस्ट’ (१९५७–६०) हे त्यांचे तीन फलकांचे कीर्तिदायक चित्र या अध्यापनाच्या अखेरीस आकारू लागले. मधल्या फलकात ट्रामच्या रुळांलगत पडलेल्या साथीदाराच्या हातचा ध्वज एक कामगार उचलतो आहे. विषय ठरीव खरा. पण क्रांतिचित्रात अपेक्षित असलेला जनसमुदाय येथे नाही, आकाशही नाही. आहे तो दगडी रस्ता आणि उठू पाहणारे एक ताणलेले शरीर. दुसऱ्या एका फलकात लाल सैनिक होमरचे मस्तक मातीत घडवायला शिकतो आहे. शिक्षणाविषयी या शिक्षकाने चित्रातून काही सांगितले असेल, तर ते येथेच.

‘युद्धाच्या आगीत होरपळलेले’ (१९६२–६७) या मालिकेत ही समीपता असह्य होते. ‘युद्धाच्या खुणा’ या चित्राला प्रसंग नाही, निसर्ग नाही. पारपत्रावरील छायाचित्राप्रमाणे समोरून दिसणारा, एक डोळा गमावलेला सैनिक तेवढा आहे. मात्र चित्राची उंची दोन मीटर! करुणा वाटण्यासाठी जे सोयीचे अंतर लागते, तेच चित्रकाराने काढून घेतले आहे. उरलेला डोळा पाहणाऱ्यालाच पारखीत राहतो.

आणि तरीही कोर्झेव यांना बंडखोर ठरविता येत नाही. १९६८ ते १९७५ या काळात ते रशियन प्रजासत्ताकाच्या कलावंत संघाचे अध्यक्ष होते. उत्तरायुष्यात त्यांनी ‘त्युर्लिक’ नावाचे विद्रूप, चोचीचे प्राणी रंगविले. पण १९९०च्या दशकात नव्या रशियन सरकारने देऊ केलेला सन्मान, सोव्हिएत काळातील ध्येयांवर आपली श्रद्धा होती हे कारण देऊन, नाकारला. टीकाकाराची अडचण होते ती येथे. त्युर्लिकांवरून त्यांना भ्रमनिरास झालेले म्हणावे, तर हा नकार आडवा येतो. नकारावरून निष्ठावंत म्हणावे, तर त्या सैनिकाचा चेहरा.