निळ्या पडद्याचा पंचनामा

आज आपल्यासमोर पुस्तक नाही, नाटक नाही, सिनेमाही नाही. तरी आजचं बोलणं समीक्षेचंच आहे. आपण आज ज्या मजकुराकडे बघणार आहोत, तो कोट्यवधी लोकांनी पाहिला आहे, पण फार थोड्यांनी वाचला आहे. संगणक चालता चालता अचानक थांबतो, पडदा निळा किंवा काळा होतो आणि त्यावर चार-सहा ओळी उमटतात. त्या ओळी हा आपला आजचा मजकूर.

त्या दिसल्या की आपण काय करतो? बटण दाबून धरतो, संगणक बंद करतो, पुन्हा चालू करतो. दोन-तीन वेळा असं झालं की तो दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट मारला की फोटो गेले, हिशेब गेले, प्रबंधाचं प्रकरण गेलं. आणि पुष्कळदा पंधरा दिवसांनी तोच पडदा परत येतो, कारण मूळ दोष जिथे होता तिथेच असतो. म्हणजे या ओळी न वाचण्याची किंमत आहे, आणि ती वापरणाऱ्यालाच मोजावी लागते.

आमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. हा पडदा म्हणजे पंचनामा आहे. घटनास्थळी काय सापडलं, ते त्यात असायला हवं. पंचनाम्यात सांत्वन नसतं आणि निकालही नसतो. या कसोटीवर गेल्या तीस-पस्तीस वर्षांतले हे पडदे आपण तपासू.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. कर्नल म्हणजे गाभा. देवनागरीत लष्करातला कर्नलही असाच लिहितात, त्यामुळे घोटाळा नको. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसरवर पाळी कोणाची, डिस्कवर कोण लिहिणार, हे सगळं तो ठरवतो. आणि ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स कार्ड अशा एकेका उपकरणाशी कसं बोलायचं ते कर्नलला सांगणारा प्रोग्राम. साधा प्रोग्राम बिघडला तर तेवढाच बंद पडतो. पण बरेचसे ड्रायव्हर कर्नलच्या आत, कर्नलच्याच अधिकाराने चालतात. त्यांनी चुकीच्या जागी हात घातला, तर सगळं घर थांबतं.

थांबतं म्हणजे मुद्दाम थांबवलं जातं, हे लक्षात घ्या. मेमरीत काहीतरी बिघडलंय हे कर्नलला कळलं आणि तरी तो पुढे चालत राहिला, तर तीच बिघडलेली माहिती डिस्कवर लिहिली जाईल. म्हणून निळा पडदा हा अपघात जितका, तितकाच लावलेला ब्रेकही आहे.

ड्रायव्हरकडे बोट दाखवायला आधारही आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्सच्या कर्नलमधल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण कर्नलच्या बाकी भागाच्या तुलनेत तिपटीपासून सातपटीपर्यंत जास्त आढळलं. त्याच्या आधी, एप्रिल १९९८ मध्ये, शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्याने स्कॅनर जोडला आणि सगळ्या सभागृहासमोर निळा पडदा आला. नवं उपकरण जोडण्याच्या क्षणीच!

आता मजकुराकडे वळू. परंपरेची सुरुवात युनिक्सपासून धरायला हरकत नाही. मल्टिक्सवर काम केलेल्या टॉम व्हॅन व्लेक यांनी एक आठवण लिहून ठेवली आहे. आपण मल्टिक्ससाठी लिहितो त्यातला निम्मा कोड चुकांतून सावरण्यासाठी आहे, असं त्यांनी युनिक्सच्या डेनिस रिची यांना सांगितलं. रिची यांचं उत्तर साधारण असं होतं, की आम्ही ते सगळं गाळलं. चूक झाली की 'पॅनिक' नावाचं फंक्शन चालतं, यंत्र कोसळतं आणि तुम्ही ओरडून कोणालातरी ते पुन्हा चालू करायला सांगता. यात एक गृहीत आहे. ओरडलं तर ऐकायला येईल इतक्या अंतरावर जाणकार माणूस बसलेला आहे! पुढे संगणक घरोघर गेला, जाणकार मात्र शेजारी राहिला नाही. या मजकुराचा सगळा प्रश्न तिथून सुरू होतो.

१९९३ च्या विंडोज एनटीच्या निळ्या पडद्याने हा प्रश्न सोडवलाच नाही. वरपासून खालपर्यंत आकडे, पत्ते आणि मेमरीत चढवलेल्या ड्रायव्हरांची यादी. पंचनामा पुरेपूर होता, पण पंचांनाच वाचता येईल असा. वापरणारा घाबरायचा, जाणकार मात्र त्या यादीतून नेमका धागा काढायचा.

अ‍ॅपलने दुसरं टोक गाठलं. मॅक ओएस एक्सच्या १०.२ पासून काही वर्षं पडदा करडा व्हायचा आणि संगणक पुन्हा चालू करा, एवढंच चार भाषांत सांगितलं जायचं. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, जपानी. दिसायला देखणं, भाषा सभ्य. पण काय मोडलं याबद्दल चारही भाषांत मौन!

मग २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि पडद्यावर रडवेला चेहरा आला. "तुमच्या पीसीला अडचण आली आहे", अशा धाटणीचा मजकूर. आकडे गेले, यादी गेली. चुकीचं नाव खाली बारीक अक्षरांत उरलं. २०१६ मध्ये शेजारी क्यूआर कोड आला. तो मोबाइलने वाचला तर काय मिळायचं? मायक्रोसॉफ्टचं एक सर्वसाधारण मदतीचं पान. तुमच्या यंत्रात नेमकं काय झालं, ते त्या चौकोनात नव्हतंच.

याच्या बाजूनेही बोलायला हवं. सामान्य माणसाला सोळा अंकी पत्ते दाखवून काय साधणार? शिवाय तपशील डिस्कवर 'मिनिडंप' नावाच्या फाइलमध्ये जपला जातो, जाणकार तो नंतर उघडू शकतो. हा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. पण संगणक पुन्हा चालूच होत नसेल तर? किंवा डिस्कचाच ड्रायव्हर कोसळला असेल तर? मग ती फाइल हाताशी येत नाही, कधी ती लिहिलीच जात नाही. पडद्यावर जे असेल तेवढंच हातात उरतं.

याची परीक्षा १९ जुलै २०२४ ला झाली. क्राऊडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक अपडेट भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९.३९ ला सुटलं आणि १०.५७ ला मागे घेतलं गेलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. विमानसेवा, बँका, रुग्णालयं अडली. आपल्याकडे विमानतळावर काही प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले.

त्या दिवशीच्या पडद्यावर काय होतं? तोच रडवेला चेहरा. पण खाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी होत्या. चुकीचं नाव, 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. आणि काय अयशस्वी झालं त्याचं नाव, 'सीएसएजंट डॉट सिस'. जगभरच्या तंत्रज्ञांना कामाला लावलं ते या दुसऱ्या ओळीने. हा मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर नाही, क्राऊडस्ट्राइकचा आहे, हे त्यातून लगेच कळलं. चेहऱ्याचा कोणालाही उपयोग झाला नाही.

पण इथेच थांबलो तर आपण पंचनाम्याला निकाल समजू. खोलात गेल्यावर दिसलं ते असं. ड्रायव्हर त्या दिवशी बदललाच नव्हता. बदलली होती ती ड्रायव्हर वाचत असलेली माहितीची फाइल, जिच्या नावात २९१ हा आकडा होता. तिच्याही नावाचं शेपूट 'सिस', तरी ती ड्रायव्हर नव्हती. नव्या माहितीला एकवीस मूल्यं हवी होती, कोड पुरवत होता वीस. एकविसावं शोधायला ड्रायव्हर यादीच्या बाहेर गेला, आणि कर्नलने सगळं थांबवलं. पडद्यावरचं नाव म्हणजे कोण पडलं त्याचं नाव. ढकललं कोणी, ते पुढे शोधावं लागतं.

उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल काढून टाकायची. पण यंत्र चालू होता होताच कोसळत असल्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापाशी जाऊन बसावं लागलं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर आधी अठ्ठेचाळीस अंकी किल्ली शोधायची. काम पडणारं होतं माणसावर, आणि त्याच्या हाताशी होती पडद्यावरची एक ओळ.

लिनक्सकडे पाहू. तिथल्या मजकुराला 'ऊप्स' म्हणतात. नाव खेळकर, पण मजकूर सगळ्यांत प्रामाणिक. कोणतं फंक्शन चालू होतं, त्याला कोणी बोलावलं, त्याला कोणी, अशी साखळी दिलेली असते. ती खालून वर वाचत आलं की घटनाक्रम कळतो. कर्नलमध्ये बाहेरचा बंदिस्त ड्रायव्हर घातला असेल, तर 'टेंटेड' असा शेराही असतो. दोष वेगळाच. ग्राफिकल डेस्कटॉपवर काम करताना कर्नल पूर्ण कोसळला, तर हा मजकूर दिसायचाच नाही. पडदा गोठायचा आणि अनेक कीबोर्डांवरचे दिवे लुकलुकत राहायचे. पंचनामा उत्तम, पण कपाटात बंद. २०२४ मध्ये ६.१० आवृत्तीत कोसळतानाचा मजकूर पडद्यावर दाखवायची सोय आली, आणि ६.१२ मध्ये क्यूआर कोड. गंमत बघा, चौकोन तोच. पण याच्या आत कर्नलची नोंदच भरलेली असते. मोबाइलने वाचली की पुरावा तुमच्या हातात. इतकी वर्षं विंडोजच्या चौकोनाने मदतीच्या पानाकडे पाठवलं, या चौकोनाने पुरावा दिला.

आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी नवा काळा पडदा जाहीर केला. चेहरा गेला, क्यूआर कोडही गेला. चुकीचं नाव आणि दोषी ठरलेल्या ड्रायव्हरचं नाव मात्र ठळक झालं. आमच्या मते दिशा योग्य आहे. तक्रार एकच: 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल' हे नाव वाचून इंग्रजी येणाऱ्यालाही काही कळत नाही. एखाद्या ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात लावला, असा त्याचा साधारण अर्थ. हे एक वाक्य पडद्यावर लिहायला काय हरकत होती?

मग वाचणाऱ्याने काय करायचं? पहिलं म्हणजे बटण दाबण्याआधी पडद्याचा फोटो. एका पडद्यावरून निष्कर्ष नको; तीन-चार फोटो शेजारी ठेवा. प्रत्येक वेळी तेच ड्रायव्हरचं नाव येत असेल, तर संशय त्या ड्रायव्हरवर. अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे; लिनक्समध्ये सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडून पाहता येतो. जुना चालला आणि नवा कोसळला, तर तुम्ही अर्धा तपास केलात. दर वेळी चूक वेगळी, नाव वेगळं असेल, तर मेमरीची चाचणी रात्रभर लावून ठेवा. खराब रॅम निरपराध प्रोग्रामांना एकेक करून पाडते. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' आली तर यंत्राने स्वतःच हार्डवेअरमधल्या दोषाची नोंद केलेली असते. तिथे विंडोज पुन्हा घालून काय होणार? आणि 'एनटीओएसकर्नल' हे नाव दिसलं म्हणून विंडोजला दोष देऊ नका. तो खुद्द कर्नल आहे. पुष्कळदा घटनास्थळी तो सापडतो, कारण चूक पकडणाराही तोच असतो.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर नवे करून देणारी सॉफ्टवेअरं मिळतात, त्यांच्यापासून दूर राहा. दहा ड्रायव्हर एकदम बदलले, तर यंत्र सुधारलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडलं तर मुळीच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहा. फॉरमॅटबद्दलही आमचा आक्षेप हाच आहे. कधीकधी तो करावा लागतो, पण तो घटनास्थळ धुऊन टाकतो. म्हणून तो सगळ्यात शेवटी, आणि फायलींची प्रत काढल्यानंतरच.

पुढच्या वेळी दुकानात संगणक नेताना फोटो सोबत न्या आणि विचारा, "हे नाव कोणाचं आहे?" दुकानदाराने ते शोधायचा प्रयत्न केला, तर त्याच्याकडे काम सोपवा. न बघताच फॉरमॅटचा दर सांगितला, तर संगणक उचला आणि शेजारच्या दुकानात चला.