ख्रिस्तपुराणांतील ‘कृपा’ व पाठनिश्चयाचा प्रश्न

फादर थॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणावर आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील बराच भाग मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्यांभोंवतीं घुटमळत राहिला आहे. त्या ओव्या गोड आहेत. परंतु सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ कर्त्यानें त्यांसाठीं रचिला नव्हता. ईश्वरी कृपेवांचून मनुष्य पापापासून सुटत नाहीं, हा त्याचा विषय. पाठनिश्चयाचा जुना वादहि या विषयाला धरूनच सोडविला पाहिजे, असें प्रस्तुत लेखकास वाटतें.

हें पुराण इ. स. १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें. १६४९ व १६५४ मध्यें पुन्हां निघालें. यांपैकीं एकाहि आवृत्तीची प्रत उपलब्ध नाहीं. हस्तलिखितांवरून साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन पाठ प्रसिद्ध केला व शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं तो देवनागरींत आणिला. मध्यंतरीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखित जस्टिन ॲबट यांच्या दृष्टीस पडलें, व तोच मूळ पाठ होय असें त्यांनीं १९२३ सालीं प्रतिपादिलें. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज व लातिन धर्मशब्द आहेत, तेथें या प्रतींत बहुधा संस्कृतोद्भव शब्द आढळतात. मराठी अभ्यासकास ती साहजिकच अधिक शुद्ध वाटते.

शुद्ध वाटणें निराळें आणि मूळ असणें निराळें. स्टीफन्सनें १६०८ सालीं आपल्या संघाच्या मुख्यास लिहिलेल्या पत्रांत देशी लिपींत ग्रंथ छापण्याची इच्छा दर्शविली असून सुमारें ६०० ठशांची अडचणहि सांगितली आहे. या पत्रावरून सिद्ध होतें तें लिपीविषयीं. शब्दांविषयीं त्यांतून कांहींच निष्पन्न होत नाहीं.

शब्दांचा विचार करावयाचा तर त्या काळचा सिद्धांत पाहिला पाहिजे. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५४७ सालीं असें ठरविलें कीं, उद्धाराचा आरंभ मनुष्याच्या पुण्यानें होत नाहीं. कृपा आधीं येते, व मनुष्य आपखुषीनें तिला रुकार देतो किंवा ती नाकारतो. कृपा आणि मानवी इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावर पुढें येशूसंघीय व डॉमिनिकन पंडितांत असा तंटा माजला कीं, १६०७ सालीं पोपनें निर्णय न देतांच तो थांबविला. पुराण छापलें गेलें तें त्यानंतर नवव्या वर्षीं. येशूसंघांतील लेखक अशा काळीं धर्मशब्द सैल हातानें वापरील, हें संभवत नाहीं.

रोमन पाठांत कृपेला ‘कृपा’च म्हटलें आहे, आरंभींच्या स्तवनांतच ईश्वर कृपेचा निधि आहे. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतांनाहि कवि कचरत नाहीं. देवाची कृपा भक्ताच्या लायकीकडे न पाहतां होते ही समजूत श्रोत्यांत होतीच. तिच्यावर इमारत उभी करितां येत होती. परकी शब्द येतात ते मुख्यत्वें संस्कारांच्या ठिकाणीं, म्हणजे ज्या द्वारांनीं कृपा मनुष्यास पोंचते असें चर्च मानतें तेथें. बाप्तिस्म्याला नुसतें ‘स्नान’ म्हणावें, तर श्रोत्यास तीर्थस्नान आठवावयाचें.

‘पाप’ हा शब्द याहून अवघड. श्रोत्याच्या लेखीं पाप म्हणजे स्वतःचें, या जन्मींचें वा मागल्या जन्मींचें कर्म. आदामापासून वंशपरंपरेनें आलेलें, स्वतः न केलेलें पाप त्यास सर्वस्वीं नवें. शब्द तोच ठेवून अर्थ पालटण्यासाठीं कवीनें ‘पहिलें पुराण’, म्हणजे तब्बल ३६ अवस्वर, खर्चीं घातलें. तें रटाळ म्हणून थेट ‘दुसऱ्या पुराणा’कडे धांवणाऱ्या वाचकास मुक्ति कशापासून हेंच कळावयाचें नाहीं.

देशी शब्द कोठें चालेल व कोठें नाहीं, हा विवेक रोमन पाठांत दिसतो. मार्सडेन प्रतींत तो बराचसा पुसला गेला आहे. मागाहून एखाद्या विद्वान संस्कर्त्यानें सारी परिभाषा एकसारखी केली असावी, हें समजण्यासारखें आहे. उलट, मूळ संस्कृत शब्द धर्माधिकाऱ्यांनीं मुद्रणापूर्वीं काढविले असा आक्षेप येईल. पण मग ‘वैकुंठ’ त्यांच्या नजरेंतून कसें सुटलें?

संग्राहकांच्या हातीं या पुराणाची एखादी जुनी प्रत आल्यास त्यांनीं केवळ लिपी नोंदवून थांबूं नये. संस्कारांचीं नांवें व कृपावाचक शब्द अवस्वरवार उतरून घ्यावे. दोन्ही पाठ समोरासमोर छापून तपासले जात नाहींत तोंवर पोर्तुगीज शब्दांच्या प्रतीवर ‘भ्रष्ट’ असा शेरा तरी मारूं नये.