बामियानचा बुद्ध आणि संगणकातील पृष्ठभागाची विकृती

मार्च २००१ मध्ये अफगाणिस्तानातील बामियान येथील दोन महाकाय बुद्धमूर्ती तालिबानने स्फोटके लावून उद्ध्वस्त केल्या. या कृत्याचा निषेध जगभर झाला व तो योग्यच होता. परंतु मूर्ती गेल्यानंतर संगणकाच्या पडद्यावर त्यांचे जे दुसरे अस्तित्व सुरू झाले, त्याकडे आपण समीक्षकाच्या दृष्टीने क्वचितच पाहतो. प्रतिकृती झाली, एवढ्याच समाधानात आपण राहतो. ती कितपत खरी झाली, हा प्रश्न मात्र श्रद्धेने सुटणारा नाही. तो पृष्ठभाग तपासूनच सोडवावा लागतो.

या कामात स्वित्झर्लंडमधील झुरिक येथील तंत्रविद्यापीठाच्या आर्मिन ग्रुएन, फाबिओ रेमोंदिनो आणि ली झांग यांनी केलेली मोठ्या बुद्धाची संगणकीय पुनर्रचना सर्वांत महत्त्वाची होय. तिच्यासाठी तीन प्रकारची छायाचित्रे वापरली गेली : इंटरनेटवर सापडलेली, प्रवाशाने साध्या कॅमेऱ्याने काढलेली, आणि ऑस्ट्रियातील ग्राट्सचे प्राध्यापक रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० साली मोजणीसाठीच बनविलेल्या कॅमेऱ्याने घेतलेली. मूर्ती शाबूत असताना एका अभ्यासकाने शांतपणे केलेले मापन तीस वर्षांनी तिचा विश्वसनीय साक्षीदार ठरले.

या प्रतिकृतीचे मूल्यमापन करण्यापूर्वी मूळ मूर्ती कशी घडली होती हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सहाव्या शतकाच्या अखेरीपासून सातव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या काळातली, पन्नास मीटरांहून उंच अशी ही मूर्ती. तिचा गाभा डोंगराच्या कड्यात कोरला होता, पण तो खडक गोट्यांचा, भरड आणि ठिसूळ. त्यात चीवराच्या नाजूक चुण्या कोरणे शक्य नव्हते. म्हणून कारागिरांनी खडकात लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांवर दोर सोडले आणि त्या दोरांवर गवताचा भुसा मिसळलेल्या मातीचा गिलावा चढवून चुण्या उभ्या केल्या. इ. स. ६३०च्या सुमारास ह्युएन त्संगने जे देदीप्यमान रूप पाहिले, ते या वरच्या थराचेच होते. सारांश, बामियानच्या बुद्धाची कला खडकाच्या आकारमानात जितकी होती तितकीच, किंबहुना अधिक, त्याच्या पृष्ठभागात होती. ज्या प्रतिकृतीत पृष्ठभाग बिघडला तिच्यात कारागिराचा हातच पुसला गेला, असे म्हणावे लागते.

आणि नेमके तेथेच संगणक अडखळला. दोन-तीन छायाचित्रांतील समान ठिपके यंत्राने आपोआप जुळवून बिंदूंचा दाट समूह मिळविता येतो. त्या बिंदूंना त्रिकोणांनी जोडले की मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, तयार होते. पण असे जुळवणी करणारे यंत्र एकेक बिंदू सुटा पाहत नाही. ते बिंदूभोवतीचा छोटा चौकोन पाहते, आणि त्या चौकोनातला पृष्ठभाग जवळजवळ सपाट आहे असे गृहीत धरते. चुणी त्या चौकोनाहून लहान असली की तिचा उंचवटा आणि तिची खाच यांची सरासरी होते. बिंदू पुष्कळ मिळतात, आकारही एकंदरीत बरोबर येतो, आणि चीवर मात्र ओल्या कापडासारखे अंगाला चिकटून गुळगुळीत होते. झुरिकच्या संशोधकांना हा दोष दिसला, व त्यांनी तो झाकला नाही. त्यांनी कोस्टका यांच्या छायाचित्रांवर माणसाच्या डोळ्यांनी आणि हाताने आडव्या रेषांवर बिंदू मोजले. चुण्यांच्या कडा तर स्वतंत्र रेषा म्हणून नोंदविल्या, जेणेकरून त्रिकोण त्या कडा ओलांडून जाऊ नयेत. यंत्राच्या मानाने बिंदू फार थोडे, तरी चुण्या परत आल्या. अधिक माहिती म्हणजे अधिक सत्य नव्हे, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

या पुनर्रचनेवरून यंत्राने कोरलेली १:२०० प्रमाणाची भौतिक प्रतिकृती मात्र मला तितकीशी समाधानकारक वाटत नाही. त्या प्रमाणात मूर्तीची उंची जेमतेम वीतभराहून थोडी अधिक भरते, आणि दहा सेंटिमीटर खोल चुणी अर्ध्या मिलिमीटरची उरते. परिश्रमाने वाचविलेला तपशील अशा रीतीने शेवटच्या टप्प्यावर पुन्हा पुसट होतो.

मोजणी न करता संगणकातच मातीप्रमाणे मूर्ती घडविणाऱ्यांपुढे हाच प्रश्न वेगळ्या वेषात येतो. गालावर मध्येच खड्डा पडतो, ओठाच्या कोपऱ्याशी पृष्ठभाग चिमटल्यासारखा गोळा होतो, खांद्यावर काळा डाग उमटतो. नवशिका शिल्पकार अशा वेळी गुळगुळीत करणारा ब्रश हाती घेतो आणि दोष नाहीसा होईपर्यंत फिरवीत राहतो. हा उपचार रोगाहून वाईट आहे. हा ब्रश प्रत्येक बिंदूला त्याच्या शेजाऱ्यांच्या मध्याकडे सरकवतो. त्यामुळे फुगीर भाग आत बसतो, नाक बोथट होते, बोटे बारीक होतात. १९९५ साली गाब्रिएल टाउबिन यांनी एक पाऊल आत व एक पाऊल बाहेर असे आळीपाळीने टाकून हे आकुंचन रोखण्याची रीत मांडली, ती याच कारणास्तव. परंतु तीही कारणावर इलाज करीत नाही.

कारण शोधणे हाच तथागतांच्या विचारपद्धतीचा गाभा आहे. हे असल्याने ते होते, हा नियम जाळीलाही लागू पडतो. काळा डाग बहुधा मातीचा नसतोच. एखाद्या फलकाची दिशा उलटी, म्हणजे आतल्या बाजूस झालेली असते, किंवा एकाच जागी दोन बिंदू एकमेकांवर बसलेले असतात. फलकांच्या दिशा सुधारल्या, दुहेरी बिंदू एकत्र केले, की ब्रश न लावताच डाग जातो. चिमटा पडतो तेथे बहुधा चारांहून अधिक कडा एका बिंदूत मिळालेल्या असतात. १९७८ साली कॅटमल आणि क्लार्क यांनी सांगितलेल्या पृष्ठभाग-विभाजनाच्या पद्धतीतसुद्धा असे बिंदू अपवादात्मकच राहतात, कितीही वेळा विभागणी केली तरी. म्हणून ते गालावर किंवा ओठाच्या कोपऱ्यावर न ठेवता नजरेआड नेणे इष्ट. उष्णीष ओढून वर काढताना चौकोन ताणून लांबट झाले असतील, तर त्यांवर केसांच्या कुरळ्या कितीही रेखाटल्या तरी त्या फाटक्याच दिसणार; आधी जाळी समान घनतेने पुन्हा बांधावी लागते, मग कुरळ्या. वस्तूचे प्रमाण एका दिशेने ताणून तसेच सोडले असेल तर ब्रशही वाकडा चालतो. यातले काहीही कौशल्याचे काम नाही, केवळ जाळी उघडी करून पाहण्याचे आहे.

डोळ्यांविषयी थोडे विषयांतर. उघड्या डोळ्यांचा बुद्ध बाबासाहेबांनी स्वतः चितारला होता, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. संगणकातील शिल्पात उघडी पापणी टिकवणे मिटलेल्या पापणीहून पुष्कळ कठीण असते, कारण तिची कड पातळ असते. तिला दोन्ही बाजूंनी आधाराच्या रेषा दिल्या नाहीत तर प्रत्येक विभाजनाबरोबर ती गोलावत जाते आणि जागा डोळा हळूहळू झोपी जातो. हा बदल कुणी ठरवून केलेला नसतो, म्हणूनच तो लक्षात येत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न चेहऱ्याचा आहे. मोठ्या बुद्धाचा ओठांच्या वरचा चेहरा २००१ च्या फार पूर्वीच नाहीसा झालेला होता. तो सपाट कापलेला भाग जाळीत विकृतीसारखाच दिसतो. पण ती सॉफ्टवेअरची विकृती नव्हे, मूर्तीचा इतिहास आहे. झुरिकच्या पुनर्रचनेने तो तसाच ठेवला, आणि या प्रकल्पाचा हा सर्वांत मोठा गुण मी मानतो. तेथे मथुरेचा वा गांधाराचा एखादा सुंदर चेहरा बसविणे संगणकात काही तासांचे काम आहे. ते चित्र लोकप्रियही होईल. पण बामियानच्या कारागिरांनी काय केले होते हे आपल्याला त्यातून कळणार नाही. मूर्तिभंजकाने एक रूप नष्ट केले, आणि आपण त्या जागी न घडलेले रूप ठेवले, तर यथाभूत दर्शनाचा आग्रह धरणाऱ्या परंपरेला ते शोभत नाही. दुरुस्ती करावयाची ती जाळीच्या दोषांची. काळाच्या घावांची नव्हे.

अशा प्रतिकृती पाहताना एक फसगत टाळली पाहिजे. तयार जाळीवर मूळ छायाचित्र कातड्यासारखे चढवलेले असते, आणि त्या छायाचित्रात चुण्यांच्या सावल्या आधीच असतात. त्यामुळे जाळी सपाट असली तरी चीवर भरघोस दिसते. पाहणाऱ्याने छायाचित्र काढून टाकून केवळ करडा पृष्ठभाग मागावा आणि प्रकाश बाजूने, अगदी तिरपा टाकून फिरवून पाहावा. सावली प्रकाशाबरोबर सरकली तर चुणी जाळीत आहे; जागच्या जागी राहिली तर ती केवळ रंगवलेली आहे.