किती स्पष्ट म्हणजे पुरेसे?

पक्ष्याचे छायाचित्र जोखताना आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो शार्पनेसचा. संगणकावर चित्र शंभर टक्के मोठे करायचे. पिसांचे तंतू सुटे दिसले तर पास, नाही तर बाद. ही पट्टी मला अपुरी वाटते. बीडच्या माळावर तर ती घातकही ठरते.

मुळात पुरेशी सुस्पष्टता ठरली ती माणसाच्या नजरेवरून. 35 मिलिमीटर फिल्मवर 0.03 मिलिमीटरपर्यंतचा धूसर ठिपका चालतो, असे जुने गणित आहे. आठ बाय दहा इंचांच्या छापावर तो पाव मिलिमीटरचा होतो आणि वीतभर अंतरावरून बिंदूच भासतो. छापाचा आकार आणि पाहण्याचे अंतर सोडून दिलेला निकाल म्हणूनच अर्धवट असतो.

दुसरी कसोटी, चित्राने काय सांगायचे आहे. माळटिटवीची पिवळी गाठ आणि काळी टोपी चित्र किंचित हलले तरी ओळखू येते. हिवाळ्यात येणाऱ्या रिचर्ड आणि ब्लिथ या तिरचिमण्यांचे तसे नाही. पंखावरच्या मधल्या पिसांतला गडद डाग कोनासारखा की चौकोनी, हे तिथे पाहावे लागते. तेवढीच धूसरता इथे चित्र निरुपयोगी करते. उडत्या पक्ष्याचा डोळा स्पष्ट आणि पंखांची टोके पुसट असतील, तर ती गतीची खूण मानावी. डोळा मऊ आणि मागची बोरी काटेरी दिसत असेल, तर मात्र फोकस चुकला.

तिसरी गोष्ट हवेची. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या उघड्या टापूत उन्हाळी दुपारी मुरमावरून झळा उठतात आणि लांबच्या मोराची मान थरथरते. महागडी लेन्स ही थरथरही मोठी करून दाखवते. उपाय दोनच: सकाळ गाठणे किंवा जवळ जाणे.

खरा धोका या जवळ जाण्यात आहे. टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात. पक्षी उठला की अंडी उन्हात उघडी पडतात. तंतू मोजणारा परीक्षक नकळत छायाचित्रकाराला त्या घरट्याकडे ढकलत असतो.

म्हणून प्रत्येक चित्राखाली छापाचा आकार आणि पक्ष्यापासूनचे अंतर लिहावे, असे मी सुचवतो. परीक्षकाने डोळा पाहावा, ओळखीची खूण पाहावी, मग ते अंतर वाचावे. लांबून टिपलेला, थोडा मऊ पण निर्धास्त बसलेला धाविक मी वरच्या क्रमांकावर ठेवीन.