सराट्याचा अर्क, उंदराचं मूत्रपिंड आणि एक 'म्हणून'

पीएचडीसाठी विषय शोधताय? मग मंगळवेढ्याच्या काळ्या रानात बांधावर पसरणारा सराटा, म्हणजे गोखरू, तुमच्या यादीत असणारच. शेजारी पुनर्नवाही असेल. 'अमुक वनस्पतीतले अँटिऑक्सिडंट मूत्रपिंडाचं रक्षण करतात' या साच्यातले पेपर ढिगाने सापडतात. साचा साधारण असा: उंदरांना जेंटामायसिन, रोज किलोमागे ८० ते १०० मिलिग्रॅम, आठेक दिवस. सोबत २०० किंवा ४०० मिलिग्रॅम अर्क. शेवटी क्रिएटिनिन खाली, एमडीए खाली, ग्लुटाथायोन वर. निष्कर्ष: ऑक्सिडेटिव्ह ताण कमी झाला, म्हणून मूत्रपिंड वाचलं.

या 'म्हणून'वर बोट ठेवा. पेशी कमी मेल्या, तरी एमडीए कमीच दिसणार. जेंटामायसिन मेगॅलिन नावाच्या प्रथिनामार्फत नलिकेच्या पेशीत शिरतं. अर्काने ते शिरणंच अडवलं असेल तर? आकडे असेच येतील, पण अँटिऑक्सिडंटचा त्यात हात नसेल. म्हणून मूत्रपिंडात औषध किती साठलं, हे मोजलंय का ते आधी बघा.

डीपीपीएच चाचणीचंही तसंच. तो रेणू प्रयोगशाळेतला, शरीरात तो नसतोच.

आता डोस. उंदराचे ४०० मिलिग्रॅम भागिले ६.२, म्हणजे माणसाला किलोमागे सुमारे ६५. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास ४ ग्रॅम अर्क. अर्काचा उतारा १० टक्के धरला, तर ४० ग्रॅम वाळलेली वनस्पती, रोज! शिवाय अर्क बहुतेक वेळा इजेच्या आधीपासून देतात. रुग्ण मात्र इजा झाल्यावर येतो.

माणसांत काय झालं? बार्डोक्सोलोन हे औषध वनस्पतींतल्या ओलियानोलिक आम्लापासून बेतलेलं. ते पेशीची स्वतःची अँटिऑक्सिडंट यंत्रणा, एनआरएफ-२, जागी करतं. टाइप-२ मधुमेह आणि चौथ्या टप्प्यातला मूत्रपिंडविकार असलेल्या २,१८५ रुग्णांवर 'बीकन' चाचणी झाली. गाळणीचा आकडा सुधारला, पण हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं आणि २०१२ मध्ये चाचणी थांबवावी लागली. आकडा सुधारणं वेगळं, रुग्ण सुधारणं वेगळं.

हे नुसतं पद्धतीचं भांडण नाही. पेपरची बातमी होते, बातमीचा काढा होतो. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार असतात. थकलेलं मूत्रपिंड पोटॅशियम नीट बाहेर टाकू शकत नाही, आणि ते रक्तात वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो.

विषय सोडा असं मी म्हणत नाही. फक्त आराखड्यात चार गोष्टी लिहा: अर्कातला घटक नेमका कोणता, तो रक्तात किती पोचतो, इजेनंतर दिला तर चालतो का, आणि जेंटामायसिन पेशीत शिरलं होतं का. उत्तर 'नाही' आलं तरी प्रबंध उभा राहतो. उलट तोच जास्त उपयोगी पडेल.